एका फाशाला पाच घाव

फाउंड्री व्हीटीटीवर (फाशांचे भूमिका-खेळ ऑनलाइन खेळायचं सॉफ्टवेअर) आमच्या खेळासाठी मॉड्यूल, म्हणजे जोड-प्रोग्राम लिहिला: वीस बाजूंच्या फाशावर 20 पडले की तक्त्यातून एक जबरी घाव उचलून चॅटमध्ये टाकायचा. एकट्याने तपासलं, झकास. सगळे जमले आणि एका फाशाला पाच-पाच घाव!

'क्रिएट चॅट मेसेज' हा हुक (चॅटमध्ये संदेश आला की आपोआप चालणारा कोड) सर्व्हरवर नव्हे, जोडलेल्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालतो. त्याला मिळणारी तिसरी माहिती (पॅरामीटर) म्हणजे संदेश पाठवणाऱ्याचा यूझर आयडी. तो आपल्या 'गेम.यूझर.आयडी'शी जुळला तरच पुढे जायचं, नाहीतर तिथूनच रिटर्न, म्हणजे परत फिरायचं. एवढ्या एका ओळीने भागलं.

आणखी एक घोळ: तक्त्यातून घाव उचलायलाही वीस बाजूंचाच फासा, त्यामुळे तिथे 20 आले की पुन्हा घाव. खेळाडू खूश, गेममास्टर (खेळ चालवणारा) हवालदिल! तक्त्याचा फासा शंभराचा केला.