घरी बांधलेल्या होडीला स्प्रे रेल: बनवावी कशी, बसवावी कुठे

दुपार झाली की मुंबईच्या किनाऱ्यावर पश्चिमेचा खारा वारा जोर धरतो आणि आखूड, तुटक लाटा उठायला लागतात. १४-१५ फुटांची, आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून टांगलेल्या, इंजिनवर वेगात धावणारी प्लायवूडची होडी त्यात घातली, की नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, फुटलेलं पाणी पातळ थर होऊन होडीच्या अंगावरून वर चढतं. ते काठाशी पोचलं की वारा उचलतो आणि आत बसलेल्यांच्या तोंडावर मारतो. हे पाणी वाटेतच अंगापासून तोडायचं आणि बाहेर, खाली वळवायचं, एवढंच काम स्प्रे रेल नावाची लाकडी पट्टी करते. वल्ह्यांच्या किंवा सावकाश चालणाऱ्या होडीला तिची गरज सहसा पडत नाही.

या कामात दोनच गोष्टींना खरं महत्त्व आहे: पट्टीची जागा आणि तिची बाहेरची खालची कड. बाकी सगळी सुतारकी. म्हणून आधी पाण्यावर जा, करवत नंतर हातात घ्या.

जागा शोधणं

होडीच्या दोन्ही बाजूंना नाळेपासून मध्यापर्यंत दर फुटावर रंगीत चिकटपट्टीचे उभे तुकडे लावा. प्रत्येक तुकड्यावर तळाच्या कोपऱ्यापासून, म्हणजे चाइनपासून, दर दोन इंचांवर मार्करने खुणा करा. नेहमी जेवढी माणसं आणि सामान असतं तेवढं वजन भरा. सकाळी वारा पडलेला असताना, भरतीच्या वेळी खाडीत होडी नेहमीच्या वेगाने पळवा आणि शेजारून दुसऱ्या होडीतून मोबाइलवर व्हिडिओ घ्या. मग तेच दुपारी, वारा सुटल्यावर. लाइफ जॅकेट दोन्ही वेळा अंगात हवंच.

घरी व्हिडिओ थांबवत थांबवत पाहा. पाणी तळ सोडून कुठे वर चढायला लागतं, ते खुणांवर स्पष्ट दिसतं. पट्टी त्या जागेच्या किंचित वर हवी. फार वर बसवली तर पाणी तिच्यापर्यंत पोचेतो पसरून विखुरलेलं असतं. फार खाली बसवली तर ती सतत पाण्यात ओढली जाते आणि होडीचा वेग खाते. बहुतेक घरगुती होड्यांत ही रेषा चाइनच्या जवळपास येते आणि नाळेकडे हळूहळू चढत जाते.

रेषा आखायला पातळ, लवचिक बीडिंगची पट्टी खिळ्यांनी तात्पुरती अडकवा आणि दहा-पंधरा पावलं मागे जाऊन पाहा. वळणात कुठे पोक असेल तर डोळ्याला लगेच खटकतं. दुसऱ्या बाजूची मापं पठाणापासून, म्हणजे तळाच्या मधोमध जाणाऱ्या कण्यापासून, दोरी धरूनच घ्या. दोन बाजू सारख्या नसतील तर होडी एकीकडे ओढते, आणि मग सुकाणू धरणाऱ्याचा हात दुखतो.

लाकूड आणि आकार

सागवान उत्तम. नीट वाळलेलं, गाठ नसलेलं, सरळ रेषांचं घ्या. एवढ्या होडीला पट्टीची खालची बाजू ३५ ते ४० मिलिमीटर रुंद पुरते. ही बाजू पाण्याच्या पातळीशी समांतर हवी, किंवा बाहेरची कड जराशी खाली झुकलेली. वर झुकली तर पाणी सरळ वरच जाईल.

पट्टी तळावर, चाइनच्या आतल्या बाजूला येत असेल, तर इथे एक मेख आहे. तळाचा उतार सगळीकडे सारखा नसतो. मध्याजवळ २० अंश असेल तर ४० मिलिमीटर रुंदीला बाहेरच्या कडेशी पट्टीची उंची साधारण १५ मिलिमीटर लागते. नाळेकडे उतार ३५ अंश झाला की तीच उंची २८ होते. म्हणून एकच कोन धरून सगळी पट्टी कापू नका. दर फुटावर कोनमापकाने कोन घ्या, लाकडावर लिहा आणि रंध्याने तेवढा उतार काढत न्या. वेळखाऊ आहे, पण हाच टप्पा पट्टी कामाची की शोभेची ते ठरवतो.

नाळेपाशी जाड लाकूड वळत नाही. वाफ देता येते, पण नंतर ते पुन्हा वाळेपर्यंत इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून बनणारा गोंद, लावता येत नाही. त्यापेक्षा पट्टी लांबीतून दोन थरांत चिरावी आणि होडीवरच एकावर एक चिकटवावी.

चिकटवणं

होडी उलटी करा. पट्टीच्या जागेवरचा रंग पूर्ण काढून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. सागवानात तेल असतं. चिकटवण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसा. दोन्ही पृष्ठभागांना आधी नुसतं इपॉक्सी, मग सिलिकाची पूड घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं. पट्टी नाळेकडून बसवायला सुरुवात करून मागे येत जा, आणि दर सहा इंचांवर मोठा वॉशर घातलेला स्क्रू मारा. स्क्रूंना आधी मेण चोळलेलं असू द्या, म्हणजे नंतर काढता येतात. फार आवळू नका, सगळा गोंद पिळून निघतो. दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून भोकं घट्ट इपॉक्सीने पूर्ण खोलवर बुजवा. तिथून पाणी शिरलं तर प्लायवूड आतून कुजतं.

पावसाळ्यात हे काम मुळीच करू नका. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट थर येतो आणि पुढचा हात धरत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कोळीवाड्यांत होड्या ओढून ठेवलेल्या असतात. त्या दिवसांत मापं घ्या, लाकूड कापा, आणि चिकटवायला दिवाळीनंतरचा कोरडा काळ ठेवा. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर सकाळी लवकर आणि थोडं थोडं मिसळून, कारण उकाड्यात भांड्यातलं मिश्रण पाहता पाहता तापून घट्ट होतं.

कड आणि टोकं

फायबरग्लासचं कापड धारदार कोपऱ्यावर बसत नाही, उचलतं. म्हणून बरेच जण कड गोल करून टाकतात. गोल कडेला पाणी चिकटून वळतं आणि वर चढतं, मग पट्टी असून नसल्यासारखी. उपाय असा: कड थोडी गोल करा, त्यावरून कापड आणि इपॉक्सी बसवा. ते घट्ट झाल्यावर बाहेरच्या बाजूला चिकटपट्टी अशी लावा की तिचा काठ कडेच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे राहील. आतल्या खोबणीत घट्ट इपॉक्सी भरा. वाळल्यावर चिकटपट्टी काढा आणि लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून कड काटकोनात घासा.

पुढचं टोक सहा इंचांत निमुळतं करून अंगात मिळवा. मागचं टोक मात्र सरळ, काटकोनात कापा, म्हणजे पाणी तिथे स्वच्छ सुटतं. चाइनवरची पट्टी पार मागपर्यंत नेली तरी चालते. तळावर, पठाणाजवळ आणखी पट्ट्या असतील तर त्या पंख्याच्या सुमारे मीटरभर आधी थांबवा. नाहीतर त्यांच्याखालची हवा पंख्याला मिळते, इंजिन नुसतं किंचाळतं आणि होडी पुढे ढकलली जात नाही.

शेवटी कापडाच्या वर दोन हात इपॉक्सी आणि त्यावर रंग. उन्हात उघडं इपॉक्सी टिकत नाही. होडी वाळूवर ओढत असाल तर प्रत्येक हंगामात कड बोटाने चाचपून पाहा. जिथे गोल लागेल तिथे चिकटपट्टी लावून पुन्हा भरा आणि घासा.