पेरूला कापूस लागलाय? आधी मुंगळे बघा

नेरूळला आमच्या इमारतीमागे एक पेरू आहे. त्याच्याखाली लावलेल्या स्कूटरची सीट एका मार्चमध्ये रोज चिकट व्हायला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "झाडाला बुरशी लागलीय, तोडून टाका." पानांवर काजळी होती हे खरं, पण ओल्या फडक्याने पुसली की निघत होती. रस शोषणाऱ्या किडी गोड चिकटा टाकतात आणि त्यावर ही काळी बुरशी वाढते. म्हणून आधी बुरशीनाशक आणायला धावू नका.

पहिलं काम, पान उलटं करा आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. देठाशी, फांदीच्या बेचक्यात कापसाचे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण (नावात ढेकूण असला तरी माणसाला चावत नाही). पानामागे मेणाची गोल गोल नक्षी आणि फांदी हलवताच भुरकन उडणारे पांढरे ठिपके म्हणजे पांढरी माशी. नारळावर अशी नक्षी करणारी रुगोज पांढरी माशी भारतात 2016 मध्ये प्रथम आढळली. कोवळ्या शेंड्यावर गर्दी मावा करतो, फांदीला चिकटून जागचे न हलणारे तपकिरी ठिपके खवले किडीचे आणि आंब्याच्या मोहरावर तिरके उडणारे ते तुडतुडे.

आता खोडाकडे बघा. मुंगळ्यांची रांग वर जात असेल तर ते चिकट्यासाठी जातात आणि त्या बदल्यात किडीच्या शत्रूंना हुसकावतात. खोडाला वीतभर रुंद पॅकिंग टेप घट्ट गुंडाळा आणि ग्रीस टेपवरच लावा, सालीवर नको. भिंतीला टेकलेली डहाळी कापा, नाहीतर मुंगळे तिथून चढतात. मी तीच विसरलो होतो!

मग तीन-चार दिवस सकाळी पाइपने पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाणी मारा. मावा बराचसा यानेच जातो.

उरलेल्यांसाठी कडुनिंबाचं तेल. 5 मिली तेलात आधी 1-2 मिली द्रव साबण घोटा, मग लिटरभर पाणी हळूहळू ओता. साबणाशिवाय तेल वर तरंगतं आणि पिठ्या ढेकणाच्या मेणावरून पाणी घसरून जातं. कपड्याची पावडर मात्र वापरू नका. मी भर दुपारी तसलं पाणी मारून जास्वंदीचे शेंडे करपवले आहेत. एका फांदीवर करून बघा, दोन दिवसांनी पानं ठीक असतील तर संध्याकाळी सगळीकडे, पानाच्या खालून फवारा. फुलांवर नको, मधमाश्या येतात. द्रावण त्याच दिवशी संपवा. आठवड्याच्या अंतराने तीन वेळा पुरे. पावसाळ्यात तेल धुऊन जातं; तेव्हा दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी, लिटरला 5 ग्रॅम, संध्याकाळी फवारलेली बरी.

फवारण्याआधी एक खात्री करा. पुंजक्यांतला एखादा मोठा, झिपऱ्या "ढेकूण" भराभर चालत असेल तर ती बहुधा क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी, पिठ्या ढेकणाचीच शिकारी. ती दिसली की पंप खाली ठेवा.

फारच भरलेल्या डहाळ्या कापून पिशवीत बंद करा, खतात टाकू नका. मोठी फांदी कापायची तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या.