जावा वापरताना ओरॅकलचे हक्क कुठे लागू होतात, हे कसे तपासावे

जावा मोफत आहे की नाही, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण सोर्सकोड, नाव, सुसंगतता-चाचण्या (एखादी अंमलबजावणी जावाच्या मानकांशी जुळते का, हे पाहणाऱ्या) आणि सुरक्षा-अपडेट यांचे हक्क वेगवेगळे आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सने 1995 मध्ये आणलेली ही भाषा जानेवारी 2010 मध्ये त्या कंपनीसह ओरॅकलकडे गेली. मात्र तत्पूर्वीच सनने जीपीएल या मुक्त परवान्याखाली कोड खुला केला होता, म्हणूनच आज इतर संस्थाही स्वतःचे जेडीके (जावा प्रोग्राम लिहिण्याचा व चालवण्याचा साधनसंच) देऊ शकतात.

तपासणी सर्व्हरपासून सुरू करावी. टर्मिनलवर जावाची व्हर्जन विचारल्यावर उत्तरात ‘जावा टीएम एसई रनटाइम’ असे आले, तर ते ओरॅकलचे व्यावसायिक वितरण समजावे. ‘ओपनजेडीके’ (त्या खुल्या कोडवर आधारित जेडीके) असे आले, तर पुढे टेमुरिन, कोरेटो किंवा झुलू या इतर संस्थांच्या वितरणांपैकी कोणाचे नाव आहे, ते टिपावे. ही आज्ञा पाथमधील, म्हणजे यंत्र आज्ञा जिथे शोधते त्या फोल्डर-यादीतील, एकच जावा दाखवते. जुनी सॉफ्टवेअरे आपल्याच फोल्डरमध्ये स्वतंत्र जेआरई (जावा फक्त चालवणारा संच) घेऊन येतात आणि डॉकर इमेजमध्ये (सॉफ्टवेअर व त्याला लागणाऱ्या गोष्टींच्या एकत्र गठ्ठ्यात) आणखी एखादे दडलेले असते; तेव्हा प्रत्येक ठिकाणची फाइल स्वतंत्रपणे चालवून पाहावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्यासारखे नाही.

मग व्हर्जननिहाय परवाना वाचावा. ओरॅकलच्या जावा 8 चे एप्रिल 2019 पासूनचे अपडेट व्यावसायिक वापरासाठी सशुल्क आहेत. जावा 17 पासून ओरॅकलने पुन्हा मोफत परवाना दिला, मात्र पुढची दीर्घकालीन (अनेक वर्षे अपडेट मिळणारी) आवृत्ती आल्यानंतर वर्षभरच. त्यामुळे 17 च्या मोफत अपडेटची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली. जानेवारी 2023 पासून लागू झालेली वर्गणी तर जावा किती यंत्रांवर चालते हे पाहतच नाही. ती एकूण कर्मचारीसंख्येवर आकारली जाते, म्हणजे एकाच सर्व्हरवर जावा असली तरी हिशेबात शिपायापासून संचालकापर्यंत सगळे येतात. माझ्या मते छोट्या कंपन्यांनी याच कारणासाठी वेळेत इतर संस्थांच्या जेडीकेवर स्थलांतर करावे.

स्थलांतरात कोड सहसा बदलावा लागत नाही. अडचण येते ती आजूबाजूच्या गोष्टींची: जुन्या जेडीकेच्या, विश्वासार्ह प्रमाणपत्रे साठवणाऱ्या ‘सीएसर्ट्‌स’ फाइलमध्ये कोणी अंतर्गत प्रमाणपत्र घातले असेल, तर नव्या जेडीकेत ते नसते आणि एचटीटीपीएस जोडण्या तुटतात. ते प्रमाणपत्र आधीच बाहेर काढून जपून ठेवावे. जावा 8 वर जावाएफएक्स (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवण्याचा संच) किंवा वेब स्टार्ट (वेबवरून प्रोग्राम सुरू करण्याची सोय) वापरात असेल, तर त्यांची वेगळी सोय लागेल.

नाव आणि चाचण्या यांवर वापरकर्त्याचा इलाज चालत नाही, पण त्यांचा परिणाम ओळखता आला पाहिजे. हार्मनी या जावाच्या पर्यायी अंमलबजावणीसाठी सुसंगतता-चाचणीसंचाचा परवाना निर्बंधांविना मिळाला नाही, म्हणून अपाची प्रतिष्ठानने डिसेंबर 2010 मध्ये जावा कम्युनिटी प्रोसेस या जावाची मानके ठरवणाऱ्या व्यवस्थेची कार्यकारी समिती सोडली. पुढे जावा ईई (मोठ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरसाठीची जावा) एक्लिप्स प्रतिष्ठानकडे सोपवली गेली, तरी नावाचा हक्क ओरॅकलकडेच राहिला. परिणामी जकार्ता ईई (जावा ईईचे नवे नाव) 9 मध्ये ‘जावाएक्स’ने सुरू होणारी तिची पॅकेजे ‘जकार्ता’ झाली. स्प्रिंग बूट या जावा-चौकटीच्या 3 व्या आवृत्तीवर जाताना इम्पोर्टच्या ओळी बदलाव्या लागतात त्या यामुळेच. मात्र ‘जावाएक्स’ दिसेल तिथे सरसकट बदल करू नये, ‘जावाएक्स.एसक्यूएल’सारखी जेडीकेतील पॅकेजे तशीच राहिली आहेत.