रूममेटकडे अडकलेले पैसे: नोटीस, लोकअदालत आणि दावा

मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कर्वेनगरचा फ्लॅट सोडताना माझे डिपॉझिटचे ४५,००० रुपये अडकले होते, आणि ते घरमालकाकडे नसून माझ्या रूममेटकडे आहेत हे कळायलाच मला दोन महिने लागले. लिव्ह अँड लायसन्स करार त्याच्या एकट्याच्या नावावर होता, त्यामुळे मालकाने डिपॉझिट त्याच्याच खात्यात परत केले होते आणि त्यात मालकाचे काहीही चुकले नव्हते. तेव्हा पुण्या-मुंबईत अशा वादात सापडलेल्या माणसाने सर्वांत आधी करार काढून बघावा आणि आपले पैसे नेमके कोणाकडून येणे आहेत हे ठरवावे. करार दोघांच्या नावावर असेल तर परिस्थिती वेगळी असते. तेव्हा मालक थकलेले सगळे भाडे कोणा एकाकडून मागू शकतो, आणि ज्याने ते भरले त्याला करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार दुसऱ्याकडून त्याचा समान वाटा वसूल करता येतो, अर्थात दोघांत काही वेगळे ठरलेले नसेल तरच.

दुसरे काम हिशेबाचे आहे, आणि माझ्या मते निम्मा वाद इथेच जिंकला किंवा हरला जातो. मी एका कागदावर मांडलेला हिशेब असा होता: एकूण डिपॉझिट ९०,००० रुपये, त्यातले ४५,००० माझे, मालकाने रंगकामापोटी कापलेले ६,०००, त्यातले माझ्या वाट्याचे ३,००० वजा, शेवटच्या महिन्याच्या वीजबिलातला माझा वाटा ८४० आणि भांडीवाल्या मावशींच्या पगारातला १,०६०, असे १,९०० रुपये मीच त्याला देणे होतो, तेही वजा, बाकी येणे ४०,१०० रुपये. आपण देणे असलेले पैसे स्वतःहून वजा करणे जिवावर येते, परंतु ते केले नाही तर समोरचा नेमका तोच मुद्दा पुढे करतो आणि मूळ रक्कम बाजूला राहते. आम्ही दोघांनी मिळून घेतलेला मिक्सर तो घेऊन गेला होता आणि त्याचे १,६०० रुपये मागायची मला फार इच्छा होती. पण बिल नव्हते, म्हणून ती ओळ मी खोडली. ज्याचा पुरावा नाही ते हिशेबात घालू नये, कारण एक डळमळीत रक्कम बाकीच्या पक्क्या रकमांवरही शंका आणते.

पुराव्यांत बँकेचे स्टेटमेंट सर्वांत भरवशाचे असते. यूपीआयने पैसे पाठवताना आपण शेऱ्यात काय लिहितो याकडे कोणाचे लक्ष नसते. माझ्या ४५,००० रुपयांपुढे ‘पार्टी’ असे लिहिलेले होते, आणि तो विनोद नंतर मला चांगलाच महागात पडला असता. सुदैवाने त्याच दिवशी त्याच्या खात्यातून मालकाला ९०,००० रुपये गेल्याचा स्क्रीनशॉट त्याने स्वतःच मला पाठवलेला होता, त्यामुळे साखळी जुळली. व्हॉट्सॲपवरचे संवाद डिलीट करू नयेत, फोन बदलल्यास जुना फोन विकू नये, आणि सोयीचे तेवढेच संदेश कापून न ठेवता संपूर्ण संभाषण जतन करावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असे इलेक्ट्रॉनिक पुरावे न्यायालयात देताना सोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. नुसत्या छापील स्क्रीनशॉटवर विसंबून राहू नये.

आता मुदतीविषयी, कारण यात सर्वाधिक लोक फसतात. मुदत कायदा, १९६३ नुसार अशा पैशांच्या दाव्यासाठी साधारणपणे तीन वर्षे मिळतात. प्रश्न असतो तो ही तीन वर्षे कधीपासून मोजायची याचा. हातउसने दिलेल्या पैशांची मुदत पैसे दिल्याच्या दिवसापासून चालू होते, समोरच्याने ‘देणार नाही’ म्हटल्याच्या दिवसापासून नव्हे, आणि ‘मागशील तेव्हा देईन’ असे ठरले असले तरी हेच लागू होते. माझ्या प्रकरणात त्याच्या खात्यात माझे पैसे ११ मे २०२४ रोजी जमा झाले, म्हणून मी तीच तारीख धरली. ‘पुढच्या महिन्यात नक्की’ हे तोंडी आश्वासन मुदत वाढवत नाही. मात्र मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने देणे मान्य असल्याचे लिहून त्यावर सही केली, तर त्या दिवसापासून नवी मुदत मोजली जाते. म्हणून नरमाईने वागणाऱ्या रूममेटकडून कागदावर चार ओळी सहीनिशी घेता आल्या तर अवश्य घ्याव्यात. त्यात रक्कम फेडण्याचे स्पष्ट वचन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा समरी (झटपट चालणारा) दावा लावण्याचा मार्गही खुला होऊ शकतो, ज्यात प्रतिवादीला बचाव मांडण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते. त्याने चेक दिला आणि तो वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यास त्याला १५ दिवस असतात, आणि ते उलटल्यावर एका महिन्यात फौजदारी तक्रार दाखल करायची असते.

पोलीस ठाण्यात जाऊन फारसे काही निष्पन्न होत नाही, कारण पैसे परत न करणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही. फसवणूक ठरण्यासाठी सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दिसावे लागते. त्याचा फोटो ग्रुपवर टाकणे किंवा त्याच्या कंपनीत मेल पाठवणे तर पूर्णपणे टाळावे, कारण त्यातून बदनामीची उलटी तक्रार ओढवून घेतली जाते.

नोटीस वकिलामार्फतच पाठवली पाहिजे असे नाही. माझी नोटीस मी स्वतः लिहिली, आणि तिचा गाभा एवढाच होता: ‘दि. ११ मे २०२४ रोजी घरमालकांकडून तुमच्या खात्यात जमा झालेल्या ८४,००० रुपयांपैकी माझा हिस्सा ४२,००० रुपये असून, त्यातून माझ्याकडून येणे असलेले १,९०० रुपये वजा जाता उर्वरित ४०,१०० रुपये ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत खाली नमूद केलेल्या खात्यात जमा करावेत. अन्यथा मी सक्षम न्यायालयात दावा दाखल करून व्याज व खर्चासह वसुली मागेन.’ रागाचा एकही शब्द त्यात ठेवू नये, कारण पुढे हाच कागद न्यायाधीशांसमोर जाणार असतो. नोटीस स्पीड पोस्टने पाठवून पावती आणि पोच दोन्ही जपावीत. रूममेट इंदूरला किंवा बंगळुरूला गेला असेल तर करारातला त्याचा कायमचा पत्ता उपयोगी पडतो, आणि एक प्रत ईमेलने व व्हॉट्सॲपवरही पाठवावी.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर लगेच दावा लावण्याऐवजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज, म्हणजे दावा लावण्याआधीच तडजोडीसाठीचा अर्ज, करावा, असे मी अनुभवाने सांगेन. पुण्यात हे कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. साध्या अर्जासोबत हिशेबाचा कागद आणि नोटिशीची प्रत जोडली की प्राधिकरण समोरच्याला लोकअदालतीत तडजोडीसाठी बोलावणे धाडते, आणि त्यासाठी कोर्ट फी लागत नाही. न्यायालयाच्या आवारातून आलेल्या कागदाचे वजन माझ्या नोटिशीपेक्षा जास्त होते हे मला तेव्हाच कळले, कारण सहा महिने फोन न उचलणारा माणूस पहिल्याच तारखेला आला. लोकअदालतीत तडजोड झाली की तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच (दाव्यातल्या अंतिम आदेशासारखाच) असतो आणि त्याविरुद्ध अपील होत नाही, म्हणून हप्ते ठरवताना तारखा आणि एखादा हप्ता चुकल्यास काय होईल हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. समोरचा आलाच नाही किंवा तडजोडीस नकार दिला, तर लोकअदालत एकतर्फी निर्णय देत नाही. शिवाय तिथे गेलेल्या वेळामुळे मुदत थांबली असेही समजू नये.

मग दावा. प्रतिवादी जिथे राहतो तिथे किंवा व्यवहाराचा काही भाग जिथे घडला तिथे दावा लावता येतो, त्यामुळे फ्लॅट आणि देवघेव पुण्यातली असेल तर इंदूरला जाण्याची गरज नसते. ‘लघुवाद न्यायालय’ हे नाव ऐकून सगळे छोटे वाद तिथेच चालतात असे वाटते, पण मुंबईत त्याचे बरेचसे काम घरमालक-भाडेकरू वादांचे आहे. आपल्या रकमेचा दावा तिथे जाईल की दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे, हे दाखल करण्यापूर्वी न्यायालयात विचारून घ्यावे. वादीला स्वतः बाजू मांडता येते. वकील हवा असेल आणि परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नसते, त्यासाठी दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते आणि तिला १२ वर्षांची मुदत आहे. पगारावर जप्ती आणता येते, पण पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यापैकी दोन तृतीयांश पगाराला हात लावता येत नाही. म्हणून त्याची नोकरी कुठे आहे आणि पगार कोणत्या बँकेत जमा होतो याची नोंद एकत्र राहत होतो तेव्हाच्या आठवणीतून आधीच करून ठेवावी.

माझे पैसे तीन हप्त्यांत आले. शेवटचा हप्ता मिळाला त्या दिवशी मी त्याला ‘४०,१०० रुपये पूर्ण मिळाले, आता काही येणे नाही’ अशी सहीची पावती दिली, आणि त्याने ती घेतल्याची सही माझ्या प्रतीवर केली.