जुनं पोस्टकार्ड हाती आलं की आधी पालथं करा

जुनी पोस्टकार्डं जमवायला लागलेली माणसं चित्राला भुलतात आणि कोरी कार्डं घेत सुटतात. माझं मत उलट आहे. लिहिलेलं, शिक्का बसलेलं, थोडं मळलेलं कार्ड घ्यावं. गंमत मागच्या बाजूला असते, आणि ते स्वस्तही पडतं.

सुरुवात साध्या सरकारी कार्डांपासून करा. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात जुन्या इमारती एकामागून एक रिडेव्हलपमेंटला जातायत. माळे रिकामे होतात, ट्रंका उघडतात आणि पत्रांचे गठ्ठे किलोच्या भावाने रद्दीत जातात. रद्दीवाल्याला आधीच सांगून ठेवायचं, ‘पत्रं आली की मला दाखवा, वर चार पैसे देईन.’ घरच्यांकडून थेट मिळत असतील तर विचारून घ्या. खासगी मजकूर असतो, कुणाचं भांडण, कुणाचं कर्ज. असलं काही ग्रुपवर टाकायचं नाही.

आता कार्डाचं वय. आपल्याकडे कार्ड सुरू झालं १ जुलै १८७९ ला, किंमत पाव आणा, वर व्हिक्टोरिया राणी. पुढे राजा बदलला की छाप बदलला. एडवर्ड आणि पंचम जॉर्ज, दोघेही दाढीवाले, त्यामुळे नवख्याचा गोंधळ होतो. एडवर्डचं डोकं बोडकं, जॉर्जच्या डोक्यावर मुकुट. नये पैसे दिसले तर कार्ड १९५७ चं किंवा त्यानंतरचं. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतर लिहिलेलं, यात शंका नाही. पिन नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. आमची आत्या शेवटपर्यंत पिन लिहीत नव्हती.

हाच नियम चित्रांनाही लावा. माझ्याकडे अपोलो बंदरचं एक रंगीत कार्ड आहे. शिक्का इतका पुसट की साल वाचता येत नाही. चित्रात ताजमहाल हॉटेल पूर्ण उभं आहे. ते उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. म्हणजे फोटो फार तर त्याच्या थोडा आधीचा, नाहीतर नंतरचाच. गेटवे नाही. त्याची पायाभरणी १९११ ची, उद्घाटन डिसेंबर १९२४ मधलं. पण गेटवे नाही म्हणून लगेच निकाल द्यायचा नाही, कारण छापणारे तोच फोटो वर्षानुवर्षं विकायचे. मग तिकीट बघितलं: बोडका एडवर्ड. जॉर्जची तिकिटं १९११ च्या अखेरीस आली, तेव्हा हे कार्ड बहुधा त्याआधीच पेटीत पडलेलं. हा शोध लावण्यात माझी एक अख्खी दुपार गेली, आणि मला तेच आवडतं.

मजकूर चित्राच्या आकाशात, समुद्रात, कडेकडेने कोंबलेला दिसला तर पाठवणाऱ्याला वेडा समजू नका. पूर्वी मागची पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी असायची. मधोमध रेघ मारून अर्ध्या भागात मजकूर लिहायची मुभा ब्रिटनने १९०२ मध्ये दिली, अमेरिकेने तर १९०७ मध्ये.

कोपरा फाटलेलं कार्ड विक्रेता खराब म्हणून फुकट देऊ करेल. घ्या आणि आधी वाचा. मृत्यूची बातमी कळवताना कोपरा फाडून कार्ड टाकायची रीत होती. ते वाचून झालं की लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. त्यामुळे असं कार्ड टिकून राहिलं असेल तर ते का राहिलं, हाच मोठा प्रश्न. हळदीकुंकवाचं बोट लागलेली कार्डं मात्र ढिगाने सापडतात.

जुन्या घरगुती कार्डांवर पुष्कळदा मोडी असते. अक्षर कळलं नाही म्हणून कार्ड सोडू नका, शिकून घ्या. गावांची जुनी नावं अडली तर १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा. शिवाय आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहेच, तिथल्या माणसांना विचारायला लाजू नका.

नकली कार्डांची धास्ती चित्रांच्या कार्डांना जास्त. भिंग आणि नोटा तपासायचा निळा दिवा जवळ ठेवा. खऱ्या फोटोचं म्हणून विकलेलं कार्ड भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांचं दिसलं तर ते छापील आहे. शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून दिलेलं कार्ड निळ्या दिव्याखाली पांढरंशुभ्र चमकलं तर पैसे खिशातच ठेवा. कागदात चमक आणणारी रसायनं गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली.

जपणुकीचं थोडक्यात सांगते. खाडीकाठची दमट हवा, त्यात आपला पाऊस. पीव्हीसीचे अल्बम कार्डाला चिकटतात, पॉलिएस्टरचे पाकीट घ्या. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच नाही. कार्डं भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका आणि दिवाळीच्या सफाईत एकदा सगळी चाळा, कसर लागली का ते कळतं. कुठून, कितीला घेतलं हे वहीत लिहा. कार्डावर काही लिहायचंच तर मऊ पेन्सिलने, तिकिटापासून लांब.