कपातली भाजी ग्रॅममध्ये कशी मोजावी?

‘दीड कप चिरलेला कांदा’ म्हणजे नक्की किती ग्रॅम? पाण्याचं सोपं असतं: १ मिली म्हणजे १ ग्रॅम. भाजीला असा एकच हिशोब चालत नाही, कारण कपात फोडींबरोबर त्यांच्यामधली हवाही मोजली जाते. फोडी जशा बदलतील तसं वजन बदलतं.

आधी पाककृतीतला कप कोणता ते बघा. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलीचा, मेट्रिक कप २५० चा. या दोघांतला फरक पाचेक टक्क्यांचा, तो भाजीसाठी खुशाल सोडून द्या. जपानी कप मात्र २०० मिलीचा असतो. तिथे पुढच्या आकड्यांतून साधारण सहावा हिस्सा कमी करा. घरातल्या कपाचं माप माहीत नसेल तर तो काठोकाठ पाण्याने भरून पाण्याचं वजन करा. जितके ग्रॅम, तितके मिली.

मग भाजी कशी कापायची आहे ते वाचा. सगळा घोळ इथेच होतो. अमेरिकी कपाला साधारण असं वजन भरतं:

कांदा: चिरलेला १६० ग्रॅम, उभ्या कापा ११५
गाजर: फोडी १२८, किसलेलं ११०
कोबी: चिरलेला ८९, अगदी बारीक लांब चिरलेला ७०
टोमॅटो: चिरलेला १८०
बटाटा: फोडी १५०
मटारदाणे: १४५
पालक: कच्चा ३०, शिजवलेला १८०

पालकाची ओळ पुन्हा वाचा. पाककृतीतला कप कच्च्या पानांचा की शिजवलेल्याचा, हे न बघता वजन केलंत तर थेट सहापट चुकाल. पालेभाज्यांचे कप मला तर निरुपयोगीच वाटतात. पानं हाताने किंचित दाबली की त्याच कपात कितीतरी जास्त मावतात.

आता गुणाकार. दीड कप चिरलेला कांदा म्हणजे १.५ × १६० = २४० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मध्यम कांदे. हे वजन सोललेल्या, साफ केलेल्या भाजीचं असतं. आणताना सालं, देठ, शेंगा यांचा हिशोब वेगळा धरावा लागतो. मटारच्या शेंगा सोलल्यावर दाणे निम्म्याहूनही कमी भरतात. कांद्याची घट त्या मानाने किरकोळ.

यादीत नसलेली भाजी स्वतः मोजा. रिकामा कप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. भाजी सैल हाताने टाका. कप आपटू नका, भाजी दाबू नका. काठाच्या वर आलेल्या फोडी काढून टाका आणि आकडा बघा. कप रिकामा करून दोन-तीनदा हेच करा, कारण एकाच भाजीचे दोन कप सहसा तंतोतंत जुळत नाहीत. आकड्यांची सरासरी भाजीच्या आणि कापणीच्या नावासकट लिहून ठेवा. धुतलेली भाजी मात्र पूर्ण निथळू द्या. पालेभाजीच्या पानांवर राहिलेलं पाणी काट्यावर भाजी म्हणूनच मोजलं जातं, आणि कपभर पालक मुळात असतोच ३० ग्रॅमचा.

रोजच्या भाजीत किंवा सूपमध्ये दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. गाजराच्या केकमध्ये बिघडतं, कारण किसाबरोबर त्यातलं पाणीही पिठात जातं. आणि मिठात आंबवायच्या कोबीला तर कपाचं माप वापरूच नका. तिथे मीठ कोबीच्या वजनाच्या साधारण २ टक्के लागतं: १ किलो चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम. हे मीठही काट्यावरच मोजा, कारण जाडं आणि बारीक मीठ एकाच चमच्यात सारख्या वजनाचं बसत नाही.