दोन दीपक, तीन शक्ती

नौदलाच्या एखाद्या फ्लीट टँकरचा, म्हणजे ताफ्यातल्या इतर जहाजांना इंधन पुरवणाऱ्या जहाजाचा, सेवा-इतिहास लिहायला घेतला असेल, तर आधी माझी चूक ऐका. बाकीचं नंतर.

मी आयएनएस शक्ती या टँकरवर लिहिलं होतं. दोन महिने खपून केलेला लेख. त्यात जुलै २००६ मध्ये ऑपरेशन सुकूनसाठी, लेबनॉनमधून आपली माणसं सोडवायला गेलेली शक्ती होती आणि पुढच्याच परिच्छेदात तिचं बांधकाम इटलीत फिनकांतिएरीच्या गोदीत झाल्याचं होतं. लेख एका निवृत्त नौसैनिक काकांना दाखवला. सत्तरी उलटलेले, उमेदीची वर्षं त्याच बोटीवर काढलेले. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "पोरी, आमची बोट जर्मनीची. २००७ ला ती गेली. तू लिहिलीयस ती बोट तेव्हा जन्मालाही आली नव्हती." ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांच्या बोटीची कामगिरी मी दुसऱ्याच बोटीच्या खात्यावर टाकली होती. ते मला आजही टोचतं.

म्हणून हे सावकाश वाचा. जहाज निवृत्त होतं, नाव नाही. नवं जहाज आलं की जुनं नाव त्याला मिळतं. पहिली शक्ती १९५० च्या दशकात इटलीहून आली. दुसरी जर्मनीतल्या ब्रेमर व्हुल्कान गोदीची, सत्तरच्या दशकाच्या मध्यात दाखल झालेली, जुलै २००७ मध्ये निवृत्त. तिसरी पुन्हा इटलीची, १ ऑक्टोबर २०११ ला विशाखापट्टणमला दाखल. पहिली आणि तिसरी दोन्ही इटलीच्या, त्यामुळे वहीत 'इटलीची शक्ती' एवढंच टिपून ठेवलंत तर सहा महिन्यांनी ती कोणती हे तुम्हालाही सांगता येणार नाही. दीपक या टँकरचंही तसंच. एक ब्रेमर व्हुल्कानची, १९६७ ते १९९६. दुसरी फिनकांतिएरीची, २१ जानेवारी २०११ ला मुंबईत दाखल झालेली.

आता मी नावाला वर्ष जोडल्याशिवाय एकही नोंद करत नाही. दीपक-१९६७. दीपक-२०११. लेखात ते विचित्र दिसेल, पण टिपणवहीत तसंच हवं. आणि मोकळी वर्षं वेगळ्या रंगाने रंगवून ठेवा. १९९६ च्या मे महिन्यापासून २०११ च्या जानेवारीपर्यंत नौदलात दीपक नावाचा टँकर नाही. ऑगस्ट २००७ ते सप्टेंबर २०११ या काळात शक्ती नाही. या काळातली एखादी मोहीम तुमच्या वहीत या नावांवर पडली असेल तर ती चूक आहे, मग ती कितीही छान बसत असो. काकांना भेटायच्या आधी ही एक पट्टी मी आखली असती तर सगळं तिथेच सापडलं असतं.

तारखांचा घोळ याहून लहान, पण तोही आहेच. आयएनएस आदित्य कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीतून १९९३ मध्ये पाण्यात उतरली आणि नौदलात दाखल झाली ३ एप्रिल २००० ला. जलावतरण म्हणजे सेवा नव्हे. सेवा-इतिहास दाखल होण्याच्या तारखेपासून सुरू करा. टनांचंही बघा: दीपक-२०११ चे २७,५०० टन हे पूर्ण भरलेल्या जहाजाचं विस्थापन, म्हणजे त्याचं एकूण वजन, तर ती वाहून नेते तो माल १७,९०० टन. दोन्ही आकडे बरोबर आहेत, मात्र एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

सामग्री कुठे मिळणार, ही चिंता सगळ्यांना असते. मलाही होती. टँकरच्या नावाने शोधलंत तर फार थोडं हाती लागतं. इतरांच्या नोंदीत शोधा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीचा कराची हल्ला म्हटला की निपात, निर्घात, वीर या क्षेपणास्त्र नौकांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, फार तर किल्तन आणि कच्छल. त्या क्षेपणास्त्र नौकांचा पल्ला तोकडा होता, म्हणून इंधन घेऊन टँकर आयएनएस पोषक सोबत निघाली होती. तिच्याविषयी बहुतेक ठिकाणी एकच ओळ असते. विमानवाहू जहाज विक्रमादित्य रशियातल्या सेव्हेरोद्विन्स्कहून कारवारला आली, त्या २०१३-१४ च्या प्रवासात दीपक सोबत होती. तो धागा मला विक्रमादित्यच्या बातम्यांत सापडला. २००४ च्या त्सुनामीनंतर मालदीवला गेलेल्या जहाजांत आदित्य होती, आणि डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या राजधानीचं, मालेचं, पाणी तुटलं तेव्हा पिण्याचं पाणी घेऊन दीपक गेली. मदतकार्याच्या नोंदी चाळा, टँकर तिथे हमखास भेटतात.

रास (रिप्लेनिशमेंट अॅट सी), म्हणजे भर समुद्रात चालत्या जहाजाला इंधन देणं, तुम्हाला माहीत असेलच. फक्त एक लक्षात ठेवा. त्या वेळी टँकर बहुधा आपला मार्ग आणि वेग पक्का धरून राहतो आणि घेणारं जहाज त्याच्या बाजूला येऊन जागा सांभाळतं. त्यामुळे कौशल्याचं वर्णन घेणाऱ्या जहाजाच्या आठवणींत सापडतं. टँकरवरच्या माणसांना तासन्‌तास नळी, तारा आणि पंप सांभाळण्याची कथा सांगावीशी वाटत नाही. ती तुम्हाला विचारून काढावी लागते.

कोणाला विचारायचं, यावर माझं मत ठाम आहे. पंपरूममध्ये किंवा डेकवर काम केलेल्या नाविकांकडे आधी जा, अधिकाऱ्यांकडे नंतर. अधिकारी दोन-एक वर्षांत बदलून जातात. खालची मंडळी कोणता व्हॉल्व्ह गळायचा तेही सांगतात. पण त्यांनी सांगितलेली तारीख तशीच लिहू नका. आठवणीत प्रसंग पक्का असतो, वर्ष सरकतं. मुंबईत व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये सुरू केलेली मेरीटाईम हिस्टरी सोसायटी आहे, तिचं काम पाहून घ्या. आणि कुठली तरी तयार यादी उतरवून काढायचा मोह टाळा. माझी ती 'एकच शक्ती' अशाच यादीतून आली होती.

पहिल्यांदाच लिहीत असाल तर आयएनएस ज्योती हा टँकर घ्या. सेंट पीटर्सबर्गच्या अ‍ॅडमिरल्टी गोदीत बांधलेली, जुलै १९९६ मध्ये दाखल झालेली. मुळात व्यापारी टँकरचा आराखडा, नौदलासाठी बदललेला. तिच्यात दीपक-शक्तीसारखी गुंतागुंत नाही, हात बसायला बरी. काही अडलं तर थांबा, एक आठवडा जाऊ द्या, पुन्हा तारखा जुळवा. मी तो शक्तीचा लेख तीनदा लिहिला. तिसऱ्यांदा काकांना दाखवला तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, तीही एका बंदराच्या नावाच्या उच्चाराची.

विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डला ऑगस्ट २०२३ मध्ये ताफ्याला इंधन-सामान पुरवणाऱ्या पाच नव्या फ्लीट सपोर्ट जहाजांचं काम मिळालं आहे. त्यांतल्या एखाद्याला जुनं नाव मिळालं, तर माझ्या वहीत त्या नावापुढे वर्षासाठी जागा सोडलेली आहे.